न चिकटणारी पूड

कोल्हापूरच्या फाउंड्र्यांना ग्रॅफाइटची पूड पोत्याने लागते. वाळूच्या साच्याला आतून तिचा काळा हात दिला की वितळलेलं लोखंड वाळूला धरत नाही आणि ओतलेला नग स्वच्छ सुटून येतो. तीच पूड रंगसाहित्याच्या दुकानात लहानशा बरणीत मिळते आणि अमूर्त चित्रं करणारे काही जण ती कॅनव्हासवर चोळतात. ही रंगवण्याची रीत आहे की रंग टाळण्याची, यावर चित्रकारांचं एकमत नाही. ते दोन पक्ष इथे समोरासमोर बसवले आहेत. बोलणारे दोघं कल्पित आहेत. एक कलाशाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, आयुष्यभर तैलरंगात रमलेले. दुसरी त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, जिच्या स्टुडिओत आता रंगाच्या ट्यूबा कमी आणि काळे डबे जास्त. त्यांनी ज्यांची नावं घेतली ते कलावंत आणि त्यांची कामं मात्र खरी आहेत.

सर : आधी एक सांग. फाउंड्रीवाला ही पूड कशाला घेतो? लोखंड वाळूला चिकटू नये म्हणून. कुलपात कशाला घालतात? किल्ली अडकू नये म्हणून. कशालाही धरून न राहणं हाच ज्याचा धंदा, ते तू कॅनव्हासवर धरून ठेवायला निघालीस.

चित्रकर्ती : तुम्ही अडचण बरोबर पकडलीत सर, पण मला त्या अडचणीतच रस आहे. ग्रॅफाइट म्हणजे कार्बन. त्याचे अणू षटकोनी जाळीच्या पापुद्र्यांत बसलेले असतात. एका पापुद्र्यातले अणू एकमेकांना घट्ट धरतात, पण एका पापुद्र्याची दुसऱ्यावर पकड ढिली. बोट फिरवलं की पापुद्रे सरकतात. कुलूप मोकळं होतं ते याच ढिलाईमुळे आणि कागदावर पेन्सिल उमटते तीही याच ढिलाईमुळे. २००४ साली मँचेस्टरच्या आंद्रे गाईम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव यांनी ग्रॅफाइटला साधी चिकटपट्टी लावून ती ओढली, पुन्हा पुन्हा ओढली आणि एका अणूइतक्या जाडीचा पापुद्रा सुटा केला. त्या ग्राफीनवरच्या कामाला २०१० चं नोबेल मिळालं. मीही मास्किंग टेप लावून ओढते, माझ्याही चित्रावरून थर निघतो. नोबेलचं कुणी विचारत नाही, एवढंच.

सर : पेन्सिलीबद्दल माझी तक्रार नाही. ग्रॅफाइटचं घर कागद. कागदाच्या तंतूंत कण अडकतात, बसतात. नसरीन मोहमदींचं काम बघ. १९३७ साली कराचीत जन्म, १९७२ पासून बडोद्याच्या विद्यापीठात शिकवलं, १९९० साली आपल्या किहीमला निधन. शाई आणि ग्रॅफाइट, पट्टी आणि नकाशे काढायची अवजारं. चित्राला नाव नाही, तारीख नाही. रेषा कुठे दाट होते, कुठे विरते, एवढ्यावर सगळा कागद तोललेला. तिथे एक कण फुकट पडलेला नाही. तू मुठीने उधळतेस.

चित्रकर्ती : उधळत नाही सर, मलमलीच्या पुरचुंडीतून पाडते. आणि नसरीनबाईंच्या हातातली पेन्सिलसुद्धा पुडीचीच होती. इंग्लंडमधल्या बोरोडेलच्या खाणीत ग्रॅफाइट अखंड निघायचं, करवतीने कापून त्याच्या कांड्या व्हायच्या. युद्धामुळे फ्रान्सला ते मिळेना, तेव्हा १७९५ मध्ये निकोला-जाक कोंते यांनी हलक्या ग्रॅफाइटची पूड मातीत मळली आणि भट्टीत भाजली. माती जास्त तर पेन्सिल कडक, माती कमी तर मऊ. तुम्ही वर्गात आम्हांला एच आणि बी शिकवायचात, तो सगळा मातीचा हिशेब होता. मी फक्त माती वगळली.

सर : माती वगळलीस म्हणजे पकड वगळलीस.

चित्रकर्ती : आणि टोकही वगळलं. मला तेच हवं होतं. टोक आलं की रेषा येते, रेषा आली की कडा येते आणि कडा आली की बघणारा लगेच विचारतो, हे काय काढलंय, डोंगर की पाठमोरी बाई? पुडीला कडा नसते. ती दाट होते, विरळ होते, पण इथे संपलं असं म्हणत नाही.

सर : अमूर्त चित्रात कडा नको असं कुणी सांगितलं तुला?

चित्रकर्ती : कुणी नाही. कडा हवी तेव्हा मी ती कमावते. टेप लावून, कागद फाडून ठेवून किंवा खोडरबराने उघडी करून. आपोआप मिळालेली कडा नको, एवढंच. आणि ग्रॅफाइटने कागद सोडला तो काही माझ्यामुळे नाही. ॲग्नेस मार्टिन यांचं १९६४ चं 'द ट्री' घ्या. सहा फूट बाय सहा फूट कॅनव्हास, तैलरंग आणि पेन्सिल. पट्टी धरून ओढलेली रेघ विणीच्या प्रत्येक उंचवट्यावर किंचित अडखळते. दुरून धुकं दिसतं, जवळ गेलं की हात दिसतो.

सर : रेघच आहे ना पण ती! पुडीचं बोल.

चित्रकर्ती : रॉबर्ट मॉरिस. १९७३ साली 'ब्लाइंड टाइम' नावाची रेखाटनं सुरू केली. हात ग्रॅफाइटच्या पुडीत माखायचे, डोळे मिटायचे आणि आधी ठरवलेलं काम कागदावर करायचं. डाव्या हाताने अमुक भाग भरायचा, उजव्याने तितकाच, असं काहीतरी. त्याला किती वेळ लागेल याचा अंदाज मनात बांधायचा. झाल्यावर त्याच कागदावर लिहायचं : काय ठरवलं होतं आणि वेळेचा अंदाज किती चुकला. १९७६ च्या दुसऱ्या मालिकेत तर त्यांनी स्वतः हात लावला नाही, जन्मांध स्त्रीकडून काम करून घेतलं.

सर : ही कृतीची नोंद झाली. चित्र कुठे आहे? डोळे मिटून काढलं, चुकीचा हिशेब खाली लिहिला. कल्पना हुशार आहे, पण डोळ्यांनी करायचं काम डोळे मिटून केलं की मला संशय येतो.

चित्रकर्ती : मला त्यांची कल्पना उचलायची नाही. पदार्थाबद्दल त्यांनी जे दाखवून दिलं ते घ्यायचंय. ब्रश मध्ये आला की हाताचा दाब केसांत विरतो. पुडीत तळवा टेकवला तर मनगटाचा भार वेगळा उमटतो, बोटांचा वेगळा. तैलरंगात असा ठसा घेतला तर बुळबुळीत राड होते. ग्रॅफाइट इतकं बारीक आणि निसरडं की कातडीच्या रेघासुद्धा येतात. पोलीस बोटांचे ठसे उचलायला काळी पूड वापरतात, ती उगाच नव्हे.

सर : बरं, हात आला. आता रंगाकडे ये. तुझी पूड काळीही नाही. कोळसा काळा असतो. त्याचे कण खडबडीत आणि सच्छिद्र, उजेड आत शिरला की परत येत नाही. ग्रॅफाइट मात्र उजेड परत फेकतं. तू जितकं चोळशील तितकं ते चकाकणार, म्हणजे जितकं गडद करायला जाशील तितकं फिकं दिसणार. चित्रकाराच्या हातातला खोल काळाच तू देऊन टाकलास. उरलं काय, तर राखाडी.

चित्रकर्ती : तुमच्या लाडक्या गायतोंड्यांच्या राखाडीला तुम्ही कधी 'उरलं काय' म्हणाला नव्हतात.

सर : गायतोंड्यांचं नाव घेतलंस ते बरं झालं. १९२४ चा जन्म नागपूरचा, घराणं गोव्याचं, १९४८ साली जे. जे.मधून डिप्लोमा. आपल्या कामाला ते ॲब्स्ट्रॅक्टसुद्धा म्हणू द्यायचे नाहीत, नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणायचे. रोलर फिरवायचा, पॅलेट नाइफने रंग ओढायचा, चढवायचा, काढायचा. त्यांच्या राखाडीत खाली गेरू असतो, हिरवा असतो, पिवळा असतो. म्हणून तो राखाडी आतून उजळतो. भिंत कुठलीही असो, उजेड चित्रासोबत जातो. तुझ्या चित्राचा उजेड बल्बचा. बल्ब हलवला की चित्र हललं.

चित्रकर्ती : हे मात्र मला पूर्ण मान्य आहे. फक्त तुम्ही त्याला उणीव म्हणता. ग्रॅफाइटचे कण चपटे असतात. नुसते पडले तर कसेही पडतात, उजेड चारही दिशांना विखुरतो, पृष्ठभाग मंद दिसतो. मऊ कापडाने किंवा शॅमॉय चामड्याने घोटलं की ते आडवे निजतात, एका पातळीत येतात आणि उजेड एकाच दिशेला परततो. म्हणजे तीच पूड, तितकीच पूड, पण एक भाग मऊ आणि दुसरा धातूसारखा. समोर उभे राहिलात तर घोटलेला भाग गडद वाटेल. चार पावलं खिडकीकडे सरकलात तर तोच रुपेरी होईल आणि मघाचा फिका भाग त्याच्यासमोर काळा पडेल. छटांचा क्रम उलटतो सर. तैलरंगात हे होत नाही. तुमच्या चित्रातला गडद कोपरा कुठूनही गडदच.

सर : तो तसाच असायला हवा. मी तोल साधायचा, दोन महिने इकडचा गडद तिकडच्या फिक्याला तोलायचा आणि बघणारा चार पावलं चालला की सगळं उलटं? मग मी तोललं काय?

चित्रकर्ती : दोन्ही. एकाच पृष्ठभागावर दोन चित्रं तोलायची आणि एकातून दुसऱ्यात जाताना मधलं चित्रही मोडता कामा नये. सोपं नाही ते.

सर : सोपं नाही हे कबूल. पण सोपा मार्गही त्याच पुडीत आहे, हेही कबूल कर. चमक ही जरीच्या काठासारखी असते. काठ झगझगीत असला की पोत कुणी बघत नाही. हल्ली हॉटेलांच्या लॉबीत मोठमोठी रुपेरी-काळी चित्रं लागतात. माणूस समोरून जातो, चित्र चमकतं, त्याला वाटतं काहीतरी गूढ घडलं. घडलेलं काहीच नसतं, फक्त तो चालला. बघणाऱ्याच्या पायांनी मिळणारा परिणाम चित्रकाराने आपल्या खात्यावर जमा करू नये.

चित्रकर्ती : हा घाव बसला. अशी चित्रं मीही केली आहेत आणि ती लगेच विकलीही गेली. म्हणून आता घोटणं सगळ्यात शेवटी ठेवते. आधी सगळी रचना मंद पुडीतच उभी करायची. मग कुठे घोटायचं ते ठरवायचं, आणि तेही थोडंच.

सर : रीत नीट सांग. मला तुझं मन नाही, जमीन बघायची आहे. खाली काय घालतेस?

चित्रकर्ती : ताणलेला कॅनव्हास घोटताना आत दबतो, मागच्या लाकडी पट्टीच्या खुणा वर येतात. म्हणून कॅनव्हास प्लायवर चिकटवते. त्यावर गेसोचं पांढरं अस्तर, त्यात संगमरवराची बारीक पूड. सुकलं की पाणकागद. फार गुळगुळीत केलं तर ग्रॅफाइट धरत नाही, फार खरबरीत ठेवलं तर घोटलं जात नाही. पहिले थर बाइंडरमध्ये. पुडीला पाणी नको असतं, ती पाण्यावर तरंगते. म्हणून आधी थोड्या अल्कोहोलने भिजवायची आणि मग मॅट ॲक्रिलिक मीडियममध्ये कालवायची. हा थर पक्का बसतो, पण मेलेला दिसतो.

सर : दिसणारच. प्रत्येक कणाभोवती प्लॅस्टिकचं आवरण. कण निजायचे कसे? तेलात कालवून बघितलंस का? रंगसूचीत ग्रॅफाइटला क्रमांकही आहे, पिगमेंट ब्लॅक १०. तयार ट्यूबही मिळते.

चित्रकर्ती : तेलात छान थंड राखाडी मिळतो, पण तो वाळायला वेळ लावतो आणि वर जी चमक येते ती तेलाची असते, ग्रॅफाइटची नव्हे. पाण्यातला वॉश त्यापेक्षा बरा. कण गेसोच्या खाचांत साचतात, पाण्याच्या वाटा दिसतात. जॅस्पर जॉन्स यांनी कागदावर ग्रॅफाइट वॉशमध्ये केलेली कामं त्यासाठी बघण्यासारखी आहेत. पण खरं उत्तर मला थरांच्या वाटणीत सापडलं. खालचे थर बाइंडरचे, ते धरून ठेवतात. सगळ्यात वरचा थर कोरडा, तो चमकतो. बाइंडर घातला तर चमक जाते, नाही घातला तर पकड जाते. ज्या निसरडेपणामुळे पूड घोटली जाते त्याच निसरडेपणामुळे ती सुटते. हे दोन गुण वेगळे करता येत नाहीत, म्हणून मी जागा वेगळ्या केल्या.

सर : म्हणजे चित्राचा सगळ्यात मोलाचा थर सगळ्यात कच्चा. एखाद्या पाहुण्याने बोट लावलं की गेला. फिक्सेटिव्ह मारत नाहीस?

चित्रकर्ती : मारलं की राळेचे थेंब कणांवर बसतात. घोटलेली जागा मंदावते, छटा बदलते. अगदी हलका फवारा मंद भागांवर, तोही इतर भाग झाकून.

सर : आणि काच?

चित्रकर्ती : काचेला स्वतःचीच चमक असते, ती ग्रॅफाइटच्या चमकेशी भांडते. चकाकी न येणारी काच मिळते, पण महाग. म्हणून मी खोल चौकट करते. चित्र आत बसतं, कडा पुढे येते, बोट सहज पोचत नाही.

सर : चित्रकाराच्या मरणानंतरही चित्र जगायचं असतं. मी तरुणपणी निष्काळजीपणे घातलेल्या जाड थरांना आज भेगा गेल्यात, म्हणून बोलतोय.

चित्रकर्ती : मग तुलना पूर्ण करू या. ग्रॅफाइट उन्हाने विटत नाही, हवेतल्या वायूंनी काळं-पिवळं पडत नाही, कोल्हापूरच्या पावसाळ्यात त्याला काही होत नाही. तुमच्या तैलरंगातलं तेल काळानुसार पिवळटतं आणि रंग पारदर्शक होत जातो. जुन्या चित्रांत खालची रेखाटनं वर दिसू लागतात ती त्यामुळेच. पदार्थ म्हणून माझी पूड तुमच्या रंगांपेक्षा टिकाऊ आहे. कच्ची आहे ती फक्त तिची बसण्याची रीत.

सर : टिकाऊ पदार्थ, कच्ची बैठक. आणि तुझी फुप्फुसं? तीही टिकाऊ आहेत का?

चित्रकर्ती : त्याबाबत हयगय नाही. ग्रॅफाइट विषारी नाही, पण वर्षानुवर्षं बारीक धूळ आत गेली तर फुप्फुसाचा आजार होतो. नैसर्गिक ग्रॅफाइटमध्ये सिलिकाही असू शकते. म्हणून नीट बसणारा एन-९५ मास्क, पंखा बंद, झाडू नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. शिवाय ही धूळ वीज वाहून नेते. सॉकेटजवळ, मोटरजवळ जाऊ द्यायची नाही. घरातला व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच लावायचा नाही.

सर : एवढा व्याप करून शेवटी एक राखाडी चौकोन. मला अजून कळलेलं नाही की हे ग्रॅफाइटशिवाय का होऊ नये. तैलरंगातही मंद आणि चकचकीत काळा शेजारी शेजारी लावता येतो. वरचं वार्निश बदललं की झालं.

चित्रकर्ती : लावता येतो, पण तिथे चमक वरून दिलेली असते. इथे ती चोळून चोळून आलेली असते. जिथे घोटलं तिथे किती वेळ, किती जोर लावला, ते सगळं त्या जागेत आहे. दुसरं म्हणजे खोडणं. तैलरंग खरवडला की खालचा थर उघडा पडतो. ग्रॅफाइट खोडलं की ते पूर्ण जातच नाही. खाचांत राहिलेले कण एक फिका राखाडी मागे ठेवतात. मी सोडून दिलेला आकार चित्रात हजर राहतो, पण बोलत नाही. माझ्या चित्रांत अर्ध्याहून जास्त काम खोडरबराचं असतं.

सर : हा मुद्दा चमकेपेक्षा मोठा आहे. आधी का नाही सांगितलास?

चित्रकर्ती : तुम्ही पहिल्यापासून चमकेवरच तुटून पडलात.

सर : कारण दिसते तीच. आता माझी कसोटी ऐक. आषाढातल्या ढगाळ दुपारी, उत्तरेच्या खिडकीच्या उजेडात, एकही दिवा न लावता तुझं चित्र भिंतीला लाव. त्या उजेडात कुठलीच चमक येत नाही. राहिलेला राखाडी, खोडलेल्या जागा, दाट आणि विरळ, एवढ्यावर चित्र उभं राहिलं तर ते चित्र. नाही राहिलं तर फाउंड्रीला पूड परत कर.

चित्रकर्ती : कसोटी मान्य. पण ती अर्धी आहे. दुसरी अर्धी अशी की तेच चित्र रात्री अंधारात लावायचं आणि भिंतीला चिकटून बाजूने एकच दिवा धरायचा. आडव्या उजेडात जे बदलेल त्याला कारण हवं. ढगाळ दुपारी जे मागे होतं ते पुढे आलं, तर का आलं हे रचनेतून कळलं पाहिजे. दोन्ही उजेडांत चित्र सारखंच दिसलं तर तुमचं म्हणणं खरं, ते तैलरंगात करायला हवं होतं. बाजूच्या उजेडात नुसतीच झगमग झाली तरी तुमचंच खरं, ती जर. माझं खरं ठरायचं तर चित्राला दोन्ही उजेडांत वेगळं आणि दोन्हींत पुरेसं व्हावं लागेल.

सर : म्हणजे हरायच्या वाटा तुला दोन.

चित्रकर्ती : या पुडीत तेवढ्या असतातच.

सर : आणखी एक अट. चित्राच्या मागे सगळं लिहून ठेव. कुठली पूड, कुठला बाइंडर, किती थर, वरचा थर कोरडा आहे, फवारा कुठे मारला. पन्नास वर्षांनी ते साफ करायला बसणारा माणूस बिचारा ओला कापूस फिरवेल आणि तुझा शेवटचा थर घेऊन जाईल. तुझ्या त्या मॉरिसनी निदान चुकीचा हिशेब पुढच्या बाजूला लिहिला होता. तू खराखुरा हिशेब मागे लिही.

चित्रकर्ती : लिहीन. 'पाणी लावू नये' हे ठळक लिहीन. पण कसोटीला तुम्ही स्वतः यायचं. मी फोटो पाठवणार नाही, कारण फोटोत एकच उजेड अडकतो.

सर : येईन. आषाढात, ढगाळ दिवस बघून. दिवे लावायचे नाहीत हं.

चित्रकर्ती : दुपारी नाही लावत. पण रात्रीपर्यंत थांबायचं, आणि टॉर्च तुम्हीच धरायचा.